२३५.५०/-

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात मी खरेदी बघते. खरेदी म्हणजे मुख्यतः सूत. त्याचा भाव इतका हलतो की सकाळी दहाला सांगितलेला भाव दुपारी चारला कुणी मानत नाही. म्हणून चौदा पार्ट्यांना तासाभरात फोन, व्हॉट्सॲप, आणि मालकांच्या टेबलावर सगळ्यात कमी भाव. कुणी भाडं वेगळं सांगतं, कुणी जीएसटी धरून. तो घोळ नको म्हणून मी पोहोच भावच मागते, म्हणजे भाडं धरून, जीएसटी सोडून.

त्या दिवशी दोन-वीसचं, म्हणजे वीस नंबरचं दुपदरी, चार टन सूत हवं होतं. ऑफिसात नवीन लागलेल्या मुलाने एक्सेलच्या पत्रकात भाव भरले. मी खाली मिनचा, म्हणजे सगळ्यात लहान आकडा काढायचा, फॉर्म्युला टाकला, उत्तर आलं शून्य. मालक हसले, "फुकट देतोय का कोण?"

झालं असं, की दोन पार्ट्यांकडे माल नव्हता आणि पोराने तिथे शून्य टाकलं होतं. खाना रिकामा सोडला असता तर मिनने तो मोजलाच नसता, पण शून्य म्हणजे त्याच्या लेखी भावच. आमच्या कॉम्प्युटरवर एक्सेल २०१०, त्यात अट घालून लहान आकडा काढणारं मिनइफ्स नाही. मग मी स्मॉल वापरला: काउंटइफने शून्यं मोजायची, त्यात एक मिळवायचा, आणि तितक्या नंबरचा लहान आकडा मागायचा. दोन शून्यं, म्हणजे तिसरा. उत्तर २४१. त्या ओळीला हिरवा रंग आपोआप लागेल अशी सोयही करून ठेवली. मालक खूश, ऑर्डर गेली. खोटं कशाला बोलू, मीही खूश होते.

चौथ्या दिवशी गाडी उतरत असताना दिवाणजी सहज म्हणाले, "पण ताई, त्या नवव्या पार्टीचा भाव तर कमी होता की."

पत्रक उघडलं. नवव्या ओळीत २३५.५०/-. पोराने बिलावर लिहितात तसं शेपूट लावलं होतं. त्या शेपटामुळे एक्सेलला तो आकडा वाटलाच नाही, अक्षरं वाटली. आणि खाने दाखवले की मिन काय, स्मॉल काय, अक्षरांना वगळून पुढे जातात. ना एरर, ना इशारा. त्या खान्यात मी भाडं जरी मिळवायला गेले असते तरी लगेच एरर आला असता; पण पोहोच भाव मागायची शिस्त माझीच! बरं, एक्सेल आकडे उजवीकडे आणि अक्षरं डावीकडे लावतं, त्यावरून तरी कळलं असतं. तर पत्रक छान दिसावं म्हणून सगळे रकाने मधोमध केलेले. तेही मीच.

किलोमागे साडेपाच रुपये, चार हजार किलो. बावीस हजार.

पोराला बोलले नाही. त्याला /- शिकवलं ते आपल्या शाळांनी आणि बँकांनी. आता पत्रकाखाली काउंट आणि काउंटए शेजारी शेजारी ठेवले आहेत. पहिला फक्त आकडे मोजतो, दुसरा भरलेले सगळे खाने. त्या पत्रकावर लावून बघितले: तेरा आणि चौदा. एवढंच बघायचं होतं.

मालकांना संध्याकाळी सगळं सांगितलं. ते थोडा वेळ गप्प राहिले, मग "पुढच्या वेळी बघा" म्हणाले. एक गोष्ट मात्र त्यांना सांगितली नाही. दिवाणजींना मी विचारलं होतं, त्याच दिवशी का नाही बोललात? चष्मा पुसत ते म्हणाले, "दिसलं होतं मला. पण तुमचं ते हिरवं झालं ना, मग म्हटलं, आपलंच काहीतरी चुकत असेल."