चिंगीच्या आतड्यांतले जीवाणू आणि एक निनावी गोळी

निरोगी कुत्र्यांच्या आतड्यांत कोणते जीवाणू नांदतात आणि त्यांचे प्रमाण कशामुळे बदलते, या विषयावर पदव्युत्तर प्रबंध लिहिणाऱ्या एका पशुवैद्यक विद्यार्थिनीला घरी पाळलेल्या कुत्र्यांच्या विष्ठेचे नमुने हवे होते. आमची चिंगी, म्हणजे चार वर्षांची, नसबंदी झालेली गावठी कुत्री, या कामाला योग्य ठरेल असे आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी सुचवले आणि मी आनंदाने होकार दिला. वजन, रक्ततपासणी, जंतांची तपासणी, लसीकरणाचे पुस्तक हे सर्व सुरळीत पार पडले. त्याविषयी लिहिण्यासारखे काही नाही. घोडे अडले ते अर्जाच्या तिसऱ्या पानावरील एका ओळीपाशी. गेल्या सहा महिन्यांत कुत्र्याला कोणती प्रतिजैविके, आम्लपित्ताची औषधे आणि जंतनाशके दिली, त्यांची नावे, मात्रा आणि किती दिवस दिली, हे तिथे कागदी पुराव्यासह मागितले होते.

पावसाळ्यात चिंगीला जुलाब झाले होते. नेहमीचे डॉक्टर परगावी गेल्यामुळे आम्ही तिला मुख्य रस्त्यावरच्या एका दवाखान्यात नेले होते. तिथे तिला एक इंजेक्शन दिले गेले आणि अर्ध्या केलेल्या पांढऱ्या गोळ्या कागदाच्या पुडीत बांधून आमच्या हाती ठेवल्या गेल्या. पुडीवर ‘सकाळ-संध्याकाळ’ एवढेच लिहिलेले होते आणि पावतीवर ‘तपासणी व औषध’ या शब्दांपुढे रक्कम होती. त्याच वेळी तिथूनच घेतलेल्या कुत्र्यांच्या बिस्किटांची मात्र छापील पावती मिळाली होती आणि तिच्यावर कंपनी, चव, वजन, कर असे सगळे व्यवस्थित नोंदवलेले होते. पोटात गेलेल्या बिस्किटाचा ठावठिकाणा कागदावर आहे आणि पोटात गेलेल्या औषधाचा नाही, ही गोष्ट मला आजही सहन होत नाही.

गोळी तोंडात जाताच चिंगीच्या तोंडाला फेस येत असे, इतकी ती कडू होती. एवढे ऐकताच ती विद्यार्थिनी म्हणाली, “काकू, ही बहुतेक मेट्रोनिडाझोल असणार. पण ‘बहुतेक’ असे मला अर्जात लिहिता येत नाही.” मी तिला म्हटले की कुत्री आता ठणठणीत आहे, मग चार दिवसांच्या गोळ्यांनी एवढा काय फरक पडतो? त्यावर तिने जे समजावले ते ऐकून माझा राग अर्जावरून उठला आणि त्या दवाखान्यावर जाऊन बसला.

कुत्र्याच्या मोठ्या आतड्यातील बहुसंख्य जीवाणू प्राणवायूवाचून जगणारे असतात आणि मेट्रोनिडाझोल नेमके अशाच जीवाणूंवर घाव घालते. निरोगी कुत्र्यांना हे औषध १४ दिवस देऊन केलेला एक अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात जीवाणूंची विविधता घटल्याचे दिसले आणि औषध थांबवून चार आठवडे उलटल्यावरही फ्युजोबॅक्टेरिया हा गट पूर्वपदावर आलेला नव्हता. पूर्वी क्लॉस्ट्रिडियम हिरानोनिस आणि आता पेप्टॅसिटोबॅक्टर हिरानोनिस म्हणून ओळखला जाणारा एक जीवाणूही या औषधाने कमी होतो. यकृतातून येणाऱ्या प्राथमिक पित्ताम्लांचे तो दुय्यम पित्ताम्लांत रूपांतर करतो आणि ही दुय्यम पित्ताम्ले उपद्रवी जीवाणूंना आवर घालतात. म्हणजे कुत्रे खाते-पिते आहे, खेळते आहे, रक्ताचा अहवालही चांगला आहे, आणि तरीही आतड्यातले हे काम ठप्प झालेले आहे, असे होऊ शकते. टायलोसिन हे कुत्र्यांच्या जुलाबावर दिले जाणारे दुसरे प्रतिजैविक. ते निरोगी कुत्र्यांना एक आठवडा देऊन पाहिले तेव्हाही झालेले नुकसान सर्वांमध्ये सारख्या वेगाने भरून आले नाही. आम्लपित्ताच्या औषधाबद्दल विचारण्याचे कारण निराळे होते. जठरातील आम्ल घटले की एरवी तिथेच मरणारे काही जीवाणू जिवंत राहून पुढे सरकतात. अशा कुत्रीचा नमुना ‘निरोगी’ म्हणून धरला, तर संशोधनात मोजला जाईल तो औषधाचा परिणाम, आणि श्रेय किंवा दोष जाईल तिच्या आहाराला नाहीतर वयाला.

एवढे कळल्यावर मी दवाखान्याचा काउंटर गाठला. तिथल्या मुलीने प्रथम सांगितले की डॉक्टर आल्यावर विचारून कळवते. कळवले नाहीच. पुन्हा गेले तेव्हा डॉक्टर शस्त्रक्रियेत होते. त्यानंतर जुने रजिस्टर माळ्यावर ठेवले असल्याचे समजले. मग मला सकाळी येण्यास सांगण्यात आले, आणि सकाळी गेल्यावर कळले की रजिस्टर सांभाळणारा कंपाउंडर संध्याकाळीच येतो. “कुत्री बरी झाली ना मॅडम, मग आता नाव कशाला हवे?” हा प्रश्न तर प्रत्येक वेळी ठरलेला होता. मी संशोधनाचे कारण सांगत असे आणि समोरच्या चेहऱ्यावर तक्रारीची शंका स्पष्ट दिसत असे. शेवटी डॉक्टर स्वतः भेटले तेव्हा त्यांनी ‘पोटाची नेहमीची गोळी’ असे उत्तर दिले. त्या उत्तराने अर्जातला कोणता रकाना भरायचा, हे त्यांनी सांगितले नाही.

असा प्रसंग कोणावर आला तर ‘कोणती गोळी दिली होती?’ असे तोंडी विचारत बसू नये, कारण त्यात समोरच्याला आरोप ऐकू येतो. जनावराचे नाव, तपासणीची तारीख आणि ‘औषधनोंदीची प्रत मिळावी’ एवढी विनंती लेखी द्यावी. विद्यार्थिनीने महाविद्यालयाच्या कागदावर पत्र दिले, दवाखान्याचे किंवा डॉक्टरांचे नाव प्रबंधात येणार नाही असे त्यात स्पष्ट लिहिले, आणि त्या पत्रासह मी संध्याकाळी गेले. कंपाउंडरने रजिस्टर काउंटरच्या खणातूनच काढले. माळ्याचा त्यात काही संबंध नव्हता. ओळीत ‘गावठी मादी, जुलाब, मेट्रो, रॅनि’ असे लिहिलेले होते. गोळी मेट्रोनिडाझोलची निघाली आणि इंजेक्शन रॅनिटिडिन या आम्लविरोधी औषधाचे. त्याने तेवढे कागदावर उतरवून शिक्का मारून दिला आणि इतके दिवस न सुटलेले काम चहा निवण्याच्या आत झाले. तो भला माणूस होता. त्याला आधी कोणी विचारलेच नव्हते.

कुत्र्यांच्या तीव्र जुलाबाबाबत युरोपातील तज्ज्ञांनी २०२४ मध्ये मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या आहेत. सौम्य आणि मध्यम आजारात प्रतिजैविके देऊ नयेत, असे त्यांत सांगितले आहे. असे जुलाब बहुधा काही दिवसांत आपोआप थांबतात. अर्थात रक्त पडत असेल, ताप असेल, जनावर मलूल झाले असेल तर गोष्ट वेगळी आणि तो निर्णय डॉक्टरांचाच. पण पुडी घेण्याआधी ‘हे प्रतिजैविक आहे का, आणि ते खरोखर लागणार आहे का?’ असे विचारण्याचा हक्क आपल्याला आहे, आणि मी आता तो न संकोचता बजावते.

नाव हाती आले तरी सहा महिन्यांची अट होतीच. नमुने घेण्याची मुदत संपत आली होती आणि चिंगीचे सहा महिने त्या मुदतीच्या अगदी काठावर पूर्ण होत होते. या काळात पुन्हा कोणतेही औषध द्यावे लागू नये म्हणून मी तिला रस्त्यावरचे काही हुंगूही देत नसे. शिवाय नमुन्याच्या आधी चार आठवडे आहारात बदल करायचा नव्हता. ही अट वाचायला सोपी आहे. माझ्या सासूबाई चिंगीला रोज रात्री दुधात कुस्करलेली पोळी देतात आणि ती नोंदवायची की नाही यावरून घरात मोठी चर्चा झाली. नोंदवावी, आणि शेजारी देतात ते बिस्किट, दिवाळीतला चिवडा, जुलाबानंतर दिलेले इसबगोल, दही हेही नोंदवावे. दह्यातले जीवाणू आतड्यात कायमचे वस्तीला राहतातच असे नाही, पण ते देत असताना अहवालात दिसू शकतात.

आहाराचा प्रश्न अर्जात तीन चौकोनांत उरकला होता: तयार खाद्य, घरचे शिजवलेले, कच्चे मांस. माझ्या मते संपूर्ण अर्जात सर्वांत अधिक जागा याच प्रश्नाला हवी होती, कारण निरोगी कुत्र्यांच्या आतड्यातील जीवाणूंवर मालकाच्या हातात असलेल्या गोष्टींपैकी सर्वांत मोठा प्रभाव आहाराचाच असतो. लॅब्राडॉर-रिट्रीव्हर आणि बीगल जातींच्या ६४ कुत्र्यांवरील २०१८ च्या अभ्यासात प्रथिने वाढवून पिष्टमय पदार्थ कमी केल्यावर जीवाणूंची रचना बदललेली दिसली, आणि लठ्ठ कुत्र्यांत हा बदल अधिक ठळक होता. त्याच अभ्यासात असेही दिसले की कुत्र्यांच्या आतड्यातील जीवाणूंची जनुके उंदीर किंवा डुकरापेक्षा माणसाच्या जीवाणूंशी अधिक जुळतात. चिंगीचे जेवण म्हणजे ज्वारीची भाकरी किंवा भात, उकडलेली कोंबडी, लाल भोपळा. भाकरी खाणारे कुत्रे म्हणजे अडाणीपणा असे मला एका ओळखीच्यांनी सुनावले होते, म्हणून इथे लिहून ठेवते की पिष्ट पचवणाऱ्या विकराचे जनुक लांडग्यात केवळ दोन प्रतींत असते आणि बहुतेक कुत्र्यांत त्याच्या अनेक प्रती आढळतात. हे संशोधन २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेले आहे. अर्थात निव्वळ भाकरीवर कुत्रे पोसावे असा त्याचा अर्थ मुळीच होत नाही.

प्रत्यक्ष नमुना घेणे हा सर्वांत सोपा भाग. सकाळची ताजी विष्ठा, जमिनीला न टेकलेला मधला भाग, निर्जंतुक डबीत, लगेच बर्फात. ती उबेत राहिली तर काही जीवाणू डबीतच वाढतात आणि आकडे बिघडतात. डबीवर तारीख आणि वेळ घरीच लिहावी आणि ती फ्रीझरमध्ये ठेवणार असाल तर घरातल्या सर्वांना आधी सांगावे.

अहवाल आला तेव्हा माझा पुतण्या, जो माणसांच्या रुग्णालयातील प्रयोगशाळेत काम करतो, फ्युजोबॅक्टेरियाचे प्रमाण पाहून दचकला, कारण माणसात या गटातील एका जीवाणूचा संबंध मोठ्या आतड्याच्या कर्करोगाशी जोडला जातो. निरोगी कुत्र्यांत मात्र हा गट नेहमीच भरपूर असतो आणि तो घटणे हेच बिघाडाचे लक्षण मानले जाते. ज्या गटाला गोळीने सर्वाधिक झळ पोहोचण्याची भीती होती तोच भरभक्कम परतलेला पाहून मला झालेला आनंद लपवण्याचे कारण नाही. हिरानोनिसही जागेवर होता. त्याच संशोधनात शेजारच्या इमारतीतला तयार खाद्यावर वाढलेला लॅब्राडॉर होता. त्याचे आकडे चिंगीपेक्षा बरेच वेगळे होते, आणि तोही निरोगीच ठरला. वय, जात, आकार, एकाच घरातील माणसांचा सहवास यांचाही वाटा असतो. पिल्लांच्या आतड्यात प्रौढांसारखी घडी बसायला काही महिने लागतात. सहवासाबाबत मात्र ६० कुटुंबांवरील २०१३ च्या अभ्यासात मालक आणि कुत्रे यांच्यात आतड्यापेक्षा त्वचेवरचे जीवाणू अधिक सामायिक आढळले होते, त्यामुळे सासूबाई आणि चिंगी यांची पोटे सारखी असतील हा घरातला विनोद टिकत नाही.

आता चिंगीच्या लसीकरणाच्या पुस्तकातच मागची कोरी पाने औषधांसाठी राखली आहेत. औषधाचे नाव, मात्रा, पहिला आणि शेवटचा दिवस एवढे त्यांत लिहिते, आणि नाव वाचता येत नसेल तर दवाखान्यातून बाहेर पडण्याआधी ते त्यांच्याकडूनच लिहून घेते.