उद्याची टीएमटी

"डॉक्टर, तेवढे रिपोर्ट बघा. उद्या टीएमटी हाय," म्हणत आबांनी फाईल टेबलावर ठेवली. टीएमटी म्हणजे ट्रेडमिलच्या पट्ट्यावर चालवत-पळवत केलेली हृदयाची तपासणी. दोन दिवसांपूर्वी रात्री छातीवर दगड ठेवल्यासारखं झालं, दरदरून घाम सुटला, मग आपोआप थांबलं. दुसऱ्या दिवशी एका दवाखान्यात ईसीजी आणि ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणारं प्रथिन) केलं. ट्रोपोनिन नॉर्मल. आबांच्या मते गॅसच. माझ्याकडून त्यांना फक्त ॲसिडिटीची गोळी हवी होती.

ईसीजीच्या पट्टीवर मशीननं टी-लहरीत, म्हणजे प्रत्येक ठोक्याच्या शेवटच्या उंचवट्यात, बिघाड असल्याचं छापलं होतं. मशीन तसं ऊठसूट छापतं. पण छातीवरच्या व्ही-२, व्ही-३ या जागांच्या आलेखाला नजर अडली. तिथे टी-लहर आधी वर जाऊन मग खाली घसरली होती. मी लगेच नवी पट्टी काढली. आता त्याच लहरी खोल उलट्या झालेल्या, आणि आबांना दुखत तर काहीच नव्हतं.

१९८२ साली हाइन वेलेन्स या डच हृदयतज्ज्ञांच्या गटानं ही खूण नोंदवली. हृदयाच्या पुढच्या भागाला रक्त देणारी मोठी धमनी उगमाजवळच चोंदत आलेली असते. ती मधेच बंद होऊन पुन्हा उघडते, वेदना थांबते, आणि त्यानंतर लहरी अशा दिसतात. ट्रोपोनिन नॉर्मल असू शकतं. स्नायू अजून जिवंत असतो, म्हणूनच घाई. अशा माणसाला पट्ट्यावर पळवलं तर धमनी तिथंच बंद पडू शकते.

हृदयतज्ज्ञांना पट्टीचा फोटो पाठवला. दोन मिनिटांत फोन आला: "टीएमटी रद्द. आत्ताच पाठव." ॲस्पिरिन चावायला दिली.

खरा वेळ गेला तो आबांना पटवण्यात. "दुखतच नाय, तर अँजिओ कशाला? पैसं उकळायचं धंदं." (हा संशय त्यांच्या डोक्यात कुणी घातला, ते आम्हा डॉक्टरांना ठाऊक आहे.) शेवटी सूनबाईंनी पिशवीतून रेशनकार्ड काढलं आणि फुले योजनेत बसतं का, एवढंच विचारलं. बसत होतं. आबा मुकाट्यानं ॲम्ब्युलन्समध्ये चढले.

अँजिओत त्याच धमनीत ९५ टक्के ब्लॉक निघाला. त्याच दिवशी स्टेंट बसला.

परवा आबा दाढ धरून आले. दाढ काढायची म्हणून रक्त पातळ करणाऱ्या दोन्ही गोळ्या बंद करू का, असं विचारत होते. "तसं पण आता दुखत नाय छातीत." हृदयतज्ज्ञांशी बोलून दंतवैद्यांना चिठ्ठी लिहून दिली: गोळ्या चालू ठेवूनच दाढ काढावी.