तार जोडली की काम संपत नाही: आमची वाटचाल

आमची फर्म सुरू झाली तेव्हा सगळं भांडवल एका पेटीत मावायचं. दोन स्क्रूड्रायव्हर, तारा सोलायची पक्कड, एक मल्टिमीटर. धाकटा भाऊ आणि मी, दोघंच. घर गरम ठेवणाऱ्या फर्नेस (भट्ट्या) आणि बॉयलर दुरुस्त करायचे हा धंदा. थर्मोस्टॅट, म्हणजे खोलीचं तापमान बघून फर्नेस चालू-बंद करणारं भिंतीवरचं यंत्र, बदलणं आमच्या लेखी जाता जाता उरकायचं काम होतं. जुना उतरवायचा, नवा चढवायचा की अर्ध्या तासात पुढचं घर. आज आम्ही सहा जण आहोत आणि आमचं मुख्य काम तेच आहे, पण एका थर्मोस्टॅटला आम्ही आता दोन तास देतो.

जुने गोल थर्मोस्टॅट उघडून बघायला मला अजूनही आवडतं. आत दोन धातूंच्या जोडपट्टीची गुंडाळी असते आणि तिच्या टोकाला पाऱ्याची काचेची कुपी. खोली गार झाली की गुंडाळी वळते, कुपी कलते, पारा घरंगळून दोन टोकं जोडतो आणि फर्नेस पेटते. याला स्वतःला वीज लागत नाही. म्हणून जुन्या घरांत भिंतीतून दोनच तारा आलेल्या असतात, विजेची आणि उष्णतेची. (या कुप्या आम्ही कचऱ्यात टाकत नाही. पारा वेगळा गोळा करणाऱ्यांकडे देतो.)

पहिला मोठा फटका बसला तो तारांच्या रंगांवर विश्वास ठेवल्यामुळे. थर्मोस्टॅटवर तारा जोडायच्या जागांना टर्मिनल म्हणतात, प्रत्येकावर इंग्रजी अक्षर असतं. साधारण रीत अशी की लाल तार ‘आर’ला, म्हणजे ट्रान्सफॉर्मरकडून येणाऱ्या २४ व्होल्टला, पांढरी ‘डब्ल्यू’ला, म्हणजे उष्णतेला, हिरवी ‘जी’ला, म्हणजे पंख्याला, पिवळी ‘वाय’ला, म्हणजे गारव्याला, आणि निळी ‘सी’ला, म्हणजे वीज परत नेणाऱ्या कॉमनला. एका घरी आम्ही ही रीत धरून सगळं जोडलं. बटण दाबलं तर पंखा फिरला, फर्नेस पेटेना. आधीच्या कारागिराने फर्नेसकडच्या टोकाला पांढरी आणि हिरवी उलट लावली होती. ती चूक त्याची. पुढची मात्र आमची. बाहेर थंडी वाढत होती, घरात लहान मूल होतं. घाईत वीज बंद न करताच मी तारा सोडवायला घेतल्या. लाल आणि निळीची उघडी टोकं एकमेकांना लागली, बारीक ठिणगी उडाली आणि फर्नेसच्या बोर्डावरचा ३ अँपिअरचा फ्यूज गेला. पेटीत दुसरा फ्यूज नव्हता. तो मिळवून आणेपर्यंत ते मूल ब्लँकेटमध्ये गुंडाळून आईच्या मांडीवर बसलं होतं. ते चित्र मी विसरलेलो नाही.

त्या दिवसापासून आधी फर्नेसची वीज बंद, मग मीटर लावून खात्री, मग जुन्या जोडणीचा फोटो. प्रत्येक तारेला चिकटपट्टीचा तुकडा आणि त्यावर टर्मिनलचं अक्षर, रंग नव्हे. फर्नेसकडचं टोकही उघडून बघायचंच. आणि पेटीत चार फ्यूज.

एक गोष्ट नव्या मुलांना मी पहिल्याच दिवशी बजावतो. भिंतीतून जाड तारा आल्या आणि त्यांना टोप्या पिळलेल्या दिसल्या की हात मागे. तो विजेच्या हीटरचा थर्मोस्टॅट असणार, त्यात थेट १२० किंवा २४० व्होल्ट वाहतात. २४ व्होल्टचं यंत्र तिथे लावणं म्हणजे आगीला बोलावणं.

कॉमन तारेने आम्हाला सगळ्यात जास्त शिकवलं. प्रोग्रॅम करता येणाऱ्या, म्हणजे कोणत्या वेळी किती तापमान हे आधी ठरवून देता येणाऱ्या थर्मोस्टॅटला घड्याळ चालवायला आणि पडदा उजळायला सतत वीज लागते. दोनच तारा असल्या की तो बॅटरीवर जगतो. बॅटऱ्या ऐन थंडीत संपल्या की फर्नेस धडधाकट असूनही घर गार, असे फोन आम्हाला बरेच यायचे. आता आम्ही आधी भिंतीच्या भोकात बोट घालून मागे गुंडाळून ठेवलेली मोकळी तार आहे का ते बघतो. पुष्कळदा निळी तार तिथे वर्षानुवर्षं वाट बघत असते. ती दोन्ही टोकांना ‘सी’वर जोडायची, ‘आर’ आणि ‘सी’मध्ये २४ व्होल्टच्या आसपास येतात का ते मोजायचं. मोकळी तार नसेल तर १८ गेजची पाच पदरी केबल नव्याने ओढतो. वेळ जातो, पण ग्राहकाला तसं सांगून करतो.

ते भोकही बुजवावं लागतं. एका घरी थर्मोस्टॅट खोली थंड म्हणायचा आणि घरातली माणसं घामाघूम. दोनदा यंत्र बदललं. तिसऱ्यांदा मी नुसता तळहात भोकासमोर धरला, तर भिंतीच्या पोकळीतून गार झोत येत होता. थर्मोस्टॅट खोलीचं नव्हे, त्या झोताचं तापमान मोजत होता. भोकात पुटी (बुजवायचा लगदा) भरली, तक्रार मिटली.

एवढं सगळं नीट जमायला लागल्यावर वाटलं, आता काम पक्कं झालं. मग एका आजींकडे महिन्याभराने सहज डोकावलो. आम्ही लावलेलं वेळापत्रक बंद होतं. त्यांनी ‘होल्ड’ दाबून एकच तापमान कायम धरलं होतं. मग जुन्या ग्राहकांना विचारत गेलो. बरेच जण हेच करत होते. ही अडचण आमच्यापुरती नव्हती. अमेरिकेत एनर्जी स्टार या वीज वाचवणाऱ्या उपकरणांना मानांकन देणाऱ्या सरकारी योजनेने प्रोग्रॅम करता येणाऱ्या थर्मोस्टॅटना दिलेलं मानांकन २००९च्या अखेरीस थांबवलं, कारण अपेक्षित बचत घरांमध्ये दिसत नव्हती. बचतीचं गणित खोटं नाही. तिथल्याच ऊर्जा खात्याच्या हिशोबाने रोज ८ तास तापमान ७ ते १० अंश फॅरनहाइट उतरवलं तर घर गरम-गार ठेवण्याच्या वर्षाच्या खर्चात १० टक्क्यांपर्यंत फरक पडू शकतो. पण उतरवायला हवं ना!

आता आम्ही घरच्यांबरोबर बसतो. उठता कधी, बाहेर पडता कधी, परतता कधी, झोपता कधी? बटणं त्यांनी दाबायची, आम्ही शेजारी उभे. सहाला ऊब हवी म्हणून यंत्र साडेपाचलाच फर्नेस पेटवतं, तो बिघाड नव्हे, हे आधी सांगतो, नाहीतर लोक घाबरून होल्ड दाबतात. हीट पंप (बाहेरची उष्णता ओढून घरात आणणारं यंत्र) असेल तर रात्रीचं तापमान फार उतरवू देत नाही. सकाळी ते एकदम चढवताना पूरक हीटर सुरू होतो आणि रात्रीची बचत खाऊन टाकतो.

आजींसाठी चार वेळा मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून थर्मोस्टॅटशेजारी चिकटवल्या. मागच्या थंडीत त्यांचा फोन आला. ‘‘नातू राहायला आलाय, उशिरा झोपतो. मी झोपायची वेळ अकरा केली. बरोबर झालंय का तेवढं बघा.’’ जाऊन बघितलं. बरोबर होतं, आणि कागदावरही जुनी वेळ खोडून त्यांनी अकरा लिहिलं होतं.