जाँलँ आंब्रे: तांबूस फ्रेंच बिअर आणि गोव्याची हवा

जाँलँ आंब्रे ही बिअर फ्रीजमधून काढून लगेच ग्लासात ओतली, तर तिच्याविषयी लिहिण्यासारखे फारसे काही हाती लागत नाही. तांबूस रंग दिसतो, जिभेच्या टोकाला किंचित गोडवा लागतो, साडेसात टक्के अल्कोहोलची ऊब घशात उतरताना जाणवते आणि एवढ्यावर प्रकरण आटोपते. तीच बाटली टेबलावर थोडा वेळ राहू दिली, ग्लास लहान घेतला आणि घाई केली नाही, तर ती घोटागणिक बदलत जाते, आणि हा बदल हाच तिच्यातला खरा ऐवज आहे असे माझे मत झाले आहे. गोव्यात आपण बिअर मागतो ती ‘थंड असली तर द्या’ अशी. कोणती हवी, हा प्रश्न त्यानंतरचा. मे महिन्यात साधी लागर पिताना ही सवय योग्यच आहे. या जातीच्या बिअरचा निवाडा मात्र तापमान बाजूला ठेवून करताच येत नाही, म्हणून या नोंदीत चवीबरोबर अंशही दिले आहेत. आमच्या मुलीने केकसाठी आणलेला थर्मामीटर त्या कामी आला, आणि त्यावरून घरात व्हायचा तो विनोदही होऊन गेला.

ही बिअर ज्या जातीची आहे तिला तिकडे ‘बिएर द गार्द’ म्हणतात, म्हणजे ठेवणीची बिअर. तिचे माहेर फ्रान्सच्या अगदी उत्तरेला, बेल्जियमच्या सीमेलगत, लील आणि व्हालांसिएन या शहरांभोवतीच्या सपाट शेतीप्रदेशात आहे. फ्रान्स म्हटले की आपल्याला द्राक्षमळे आठवतात. या थंड आणि ओल्या पट्ट्यात मात्र बार्ली आणि हॉप्स (बिअरला कडवटपणा आणि सुवास देणारी फुले) पिकतात आणि जेवणाबरोबर पूर्वापार बिअरच घेतली जाते. यंत्राने गारवा निर्माण करण्याची सोय नव्हती त्या काळात उन्हाळ्यात बिअर करणे धोक्याचे असे, कारण उबदार हवेत रानटी यीस्ट आणि जिवाणू आंबवणात शिरून सगळा माल नासवत. म्हणून तिथले शेतकरी हिवाळ्यात आणि वसंताच्या आरंभी, शेतीची कामे थंडावलेली असताना, बिअर करून तळघरात ठेवत आणि पुढे उन्हाळ्यात शेतावर राबणाऱ्या माणसांना ती पुरवत. थंडीत यीस्ट सावकाश काम करते, त्यामुळे आंबवताना निर्माण होणारे फळांचे आणि मसाल्यांचे वास कमी राहतात आणि माल्टला, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्याला, बोलायला जागा मिळते. सीमेपलीकडे बेल्जियमच्या वालोनी भागात याच शेतकरी परंपरेतून आलेली ‘सेझाँ’ अगदी उलट स्वभावाची आहे: फिकट, कोरडी, मिऱ्याच्या झणक्याची, यीस्टच्या जोरावर चालणारी. दोन्ही शेजारी ठेवून प्यायल्या तर त्यांचा उगम इतका जवळचा आहे हे खरे वाटत नाही.

शेतावरच्या बिअरची ही कहाणी आजच्या बाटलीला जशीच्या तशी चिकटवणे मात्र बरोबर नाही. पहिल्या महायुद्धात हा प्रदेश जर्मनांच्या ताब्यात होता आणि तिथल्या ब्रुअऱ्यांतली तांब्याची भांडी उचलून नेण्यात आली. त्यांपैकी पुष्कळ ब्रुअऱ्या पुन्हा कधी उभ्या राहिल्या नाहीत. जुनी बिअर लाकडी पिंपांत राहून थोडीफार आंबूस होत असे. आजची जोरकस, स्वच्छ, माल्टच्या अंगाने जाणारी तांबूस बिअर ही बरीचशी दुसऱ्या महायुद्धानंतर घडली, आणि ती घडवण्यात जाँलँ गावच्या ड्युइक कुटुंबाचा वाटा मोठा आहे. त्यांची ब्रुअरी १९२२ सालची. १९५० च्या सुमारास त्यांनी आपली बिअर वापरलेल्या शॅम्पेनच्या बाटल्यांत, बूच लावून भरायला सुरुवात केली आणि १९७० च्या दशकाच्या अखेरीस लीलमधल्या विद्यार्थ्यांनी तिला डोक्यावर घेतले. त्यानंतर शूलेत, कास्तलँ वगैरे त्या भागातल्या इतर घराण्यांकडेही बाहेरच्या रसिकांचे लक्ष गेले. एकंदरीत आपण जिला परंपरा समजून पितो ती आपल्या आजोबांच्या वयाची आहे. मला त्यात वावगे काही वाटत नाही. चव चांगली असेल तर तिचे वय कमी आहे म्हणून तिला नावे ठेवण्याचे कारण नाही.

माझ्यापर्यंत पोहोचलेली बाटली पाऊण लिटरची, जाड काचेची, वर बूच आणि तारेचा वेढा असलेली. चुलतभावाने परत येताना कपड्यांत गुंडाळून आणलेली ही बाटली आषाढातल्या एका पावसाळी रात्री फोंड्याच्या घरी उघडली. खोलीत साधारण सत्तावीस अंश तापमान आणि हवेत भरपूर दमटपणा होता. बूच सैल होताना आवाज फार झाला नाही. ग्लास तिरका धरून ओतल्यावर दोन बोटे फेस आला, हस्तिदंती रंगाचा, बारीक बुडबुड्यांचा. तो हळूहळू बसत जाऊन शेवटी पातळ थर तेवढा राहिला, पण प्रत्येक घोटानंतर ग्लासाच्या आतल्या बाजूला त्याची एक कडी उमटत गेली आणि ग्लास संपला तेव्हा त्या कड्या एकाखाली एक स्पष्ट मोजता येत होत्या. बिअर अगदी नितळ होती. दिव्यासमोर धरली तर चिंचेने घासून ठेवलेल्या तांब्याच्या कळशीचा रंग, आणि दिव्यापासून दूर नेली की तोच रंग तपकिरीकडे झुकणारा.

सहा अंशांवर वास जवळपास नव्हताच. नाक ग्लासात खुपसले तर धान्याचा पुसटसा गोडवा जाणवे, इतकेच. नऊ-दहा अंशांवर चित्र बदलले. भट्टीतून नुकत्याच निघालेल्या उंड्याच्या, म्हणजे गोव्यातल्या गोल पावाच्या, कवचाचा वास प्रथम आला, मागोमाग टॉफीचा, आणि त्याच्याही मागे सुक्या अंजिरासारखे काहीतरी, जे एकदा सापडायचे आणि पुढच्या खेपेला हुलकावणी द्यायचे. या जातीच्या तांबूस बिअरसाठी बहुधा व्हिएन्ना आणि म्युनिक या नावांचे माल्ट वापरतात. ते साध्या फिकट माल्टपेक्षा जास्त उष्णतेवर वाळवलेले असतात, आणि पावाच्या कवचाला जो रंग नि वास येतो तो ज्या प्रक्रियेने येतो, तीच प्रक्रिया त्या दाण्यांमध्येही घडलेली असते. त्यामुळे पावाची आठवण होणे हा कल्पनाविलास समजू नये.

आमच्याबरोबर सत्तरी तालुक्यातून आलेले एक काका होते. त्यांचे उभे आयुष्य काजूच्या बागायतीत आणि भट्टीवर गेले आहे. हुर्राक (काजूच्या रसाची पहिल्या धारेची दारू) आणि फेणी यांत किती ‘ग्राव’ (दारूच्या जोराचे माप) असतील हे ते उपकरण लावण्याआधी सांगतात आणि सहसा चुकत नाहीत. त्यांनी ग्लास तोंडाला लावण्यापूर्वी सवयीप्रमाणे चार थेंब तळहातावर घेतले, दोन्ही हात चोळले आणि नाकाशी नेले.

“काका, ही फेणी नव्हे,” मी म्हणालो.

“ठाऊक आहे रे. पण हात खोटं बोलत नाहीत. बघ, चिकटपणा राहिला, म्हणजे धान्याचा अंश अजून आहे हिच्यात. आणि दारू उडून गेली तरी भाजल्याचा वास गेला नाही.”

मीही तसे करून पाहिले. हात सुकल्यावर खरोखरच भाजलेल्या धान्याचा वास उरला होता, आणि बोटे एकमेकांना हलकीशी चिकटत होती. हे निरीक्षण मला महत्त्वाचे वाटले, कारण पिताना मात्र ही बिअर चिकट मुळीच लागत नाही. पहिल्या क्षणी टॉफीचा गोडवा येतो, जिभेच्या मध्यावर तो भरदार होतो, आणि आता हा गोडवा तोंडात रेंगाळणार अशी भीती वाटत असतानाच तो आवरला जातो व शेवट कोरडा होतो. काही ब्रुअर अशा बिअरमध्ये थोडी साखर घालतात. ती यीस्ट पुरती खाऊन टाकते, त्यामुळे जोर वाढतो पण अंग हलके राहते. कडवटपणा केवळ आधाराला आहे. कडवटपणाच्या मोजपट्टीवर या जातीचा आकडा साधारण १८ ते २८ असतो, आणि अमेरिकी धाटणीच्या आयपीएचा, म्हणजे हॉप्सचा भर असलेल्या कडवट बिअरचा, ४० ते ७०. गेल्या काही वर्षांत गोव्यात ज्या लहान ब्रुअऱ्या आल्या त्यांनी गव्हाची बिअर आणि आयपीए यांची गोडी लोकांना लावली आहे, आणि लिंबूवर्गीय फळांच्या सुवासाने दणाणून सोडणाऱ्या हॉप्सची सवय झालेल्या माणसाला ही फ्रेंच बिअर पहिल्या भेटीत मुखदुर्बळ वाटण्याचा संभव आहे. माझ्या मेव्हण्याचे अगदी तसेच झाले. तो म्हणाला, “भावजी, चांगली आहे, पण हिच्यात होतं काय?” आणि मग दुसरा ग्लास त्यानेच आधी संपवला.

एका गोष्टीवर आमचा वाद झाला आणि तो मिटला नाही. बूच लावलेल्या अशा बाटल्यांत कधीकधी तळघराचा, ओलसर लाकडाचा, जुन्या बुचाचा एक वास असतो. जाणकारांपैकी पुष्कळ जण तो हलका असेल तर चालवून घेतात, किंबहुना त्याची वाट पाहतात. या बाटलीत तो होता, फारच थोडा, आणि बारा अंशांच्या पुढे गेल्यावरच कळण्यासारखा. मला तो आवडला, कारण टॉफीच्या गोडव्याला त्याने थोडा मातकट आधार दिला. पत्नीचे म्हणणे असे की पावसाळ्यात बंद कपाट उघडल्यावर येणारा वास आपण गोव्यात चार महिने फुकट घेतो, तो बाटलीत कशाला हवा. याला माझ्याकडे उत्तर नव्हते. परंतु या वासाची आणि बिघडलेल्या बिअरच्या वासाची गल्लत होऊ देऊ नये. बिअरला प्राणवायू लागून ती शिळी झाली की भिजलेल्या पुठ्ठ्याचा वास येतो, माल्टचा गोडवा चपटा पडतो आणि मागे काही उरत नाही. उष्णतेने ही क्रिया झपाट्याने होते. याच जातीची एक बाटली पूर्वी एका दुकानातून घेतली होती. ती काचेच्या कपाटात, दिव्यांखाली, उकाड्यात बरेच दिवस शोभेला ठेवलेली असावी. तिच्यात पुठ्ठ्याखेरीज काही नव्हते. ठेवणीची बिअर आहे म्हणून ती कुठेही ठेवून चालते असा समज कोणी करून घेऊ नये. तिला तळघराचा गारवा लागतो, आणि आपल्याकडे तळघरे नाहीत. घरी आणली तर फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवावी आणि तिची फार वर्षे वाट पाहू नये.

पंधरा अंशांच्या पुढे अल्कोहोल वर येऊ लागते. नाकाला त्याची धार जाणवते, अंजीर दबते, गोडवा सैल पडतो. म्हणजे खरी मौज आठ ते तेरा अंशांच्या दरम्यान आहे, आणि लीलमधल्या थंड खोलीत हा टप्पा निवांत लांबत असेल, पण आमच्या फोंड्यात तो ग्लासात बघता बघता निघून जातो. यावर उपाय सोपा आहे. बाटली फ्रीजबाहेर काढल्यावर पंधरा-वीस मिनिटे थांबावे, नंतर एका वेळी शंभर-सव्वाशे मिलिलीटरच ओतावी आणि उरलेली बाटली थंड पाण्याच्या भांड्यात उभी ठेवावी. बर्फाचे दोन-चार खडे पुरतात. पंख्याखाली ग्लास ठेवू नये, फेस लवकर मरतो.

जेवणाचे म्हणाल, तर तिकडे ही बिअर मारवाल नावाच्या उग्र वासाच्या चीजबरोबर आणि बिअरमध्ये शिजवलेल्या गोमांसाबरोबर घेतात. आमच्याकडे त्या रात्री अळम्यांची (पावसाळी रानअळंब्यांची) शागुती होती, आणि हा योग फार चांगला जुळला: भाजलेले खोबरे, खसखस आणि चक्रीफूल यांच्या खमंगपणाला माल्टचा खमंगपणा भेटला आणि रश्शाची तीव्रता कोरड्या शेवटाने धुऊन गेली. मिरची बेताची हवी, कारण एवढे अल्कोहोल तिखटाला आणखी भडकवते. अडचण इतकीच की अळमी भरपूर येतात ती श्रावणात, आणि नेमक्या तेव्हाच आमच्या घरात बाटलीला हात लावायचा नसतो. चोरिस या गोव्याच्या डुकराच्या सॉसेजबरोबर माझे जमले नाही. त्यातल्या व्हिनेगरचा आंबटपणा बिअरला पातळ करून टाकतो. बांगड्याच्या उडदमेथीबरोबर प्रयोग केला, तो ना धड बरा ना धड वाईट. बेबिंका मात्र स्पष्टपणे चुकीची ठरली. दोन्हीत भाजक्या साखरेची चव आहे म्हणून जमेल असे वाटले होते, पण बेबिंकेच्या गोडीपुढे बिअरमधला सगळा गोडवा नाहीसा होतो आणि तिच्यात नुसता कडवटपणा तेवढा शिल्लक राहतो. बेबिंका खायचीच असेल तर बाटली संपवून खावी, किंवा काकांनी केले तसे करावे: ग्लास विसळून घ्यावा आणि काजू फेणीचा एक लहान घोट ओतावा.