शॉकअप घरी बदलले, आता स्टिअरिंग वाकडं?

बडोद्यात, विशेषतः दांडिया बाजाराकडे, ओळखीचं कुणी भेटलं की हाच प्रश्न: "शॉकअप घरीच बदलले, पण स्टिअरिंग वाकडं झालंय. अलाइनमेंटला, म्हणजे चाकांचे कोन मशीनवर जुळवायला, थेट नेऊ का?" तुम्हीही विचारलंत म्हणून सांगतो. न्याच, पण लगेच नको.

लोअर आर्मचे, म्हणजे चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याचे, रबरी बुश गाडी जॅकवर लटकत असताना आवळलेत का? मग ते सैल करा, गाडी रॅम्पवर चढवून चाकांवर पूर्ण भार येऊ द्या, दोनचारदा दाबा आणि तेव्हा आवळा. नाहीतर रबर कायम पिळलेलं राहतं, गाडीची उंचीच खोटी येते. खोट्या उंचीवर मशीन दाखवेल ते आकडेही खोटेच.

शॉकअप नकलला, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या भागाला, जोडणाऱ्या दोन बोल्टांच्या भोकांत थोडा खेळ असतो. तिथे चाक जरासं आत-बाहेर कललं की कॅम्बर, म्हणजे चाकाचा उभा कल, बिघडला. कॅम्बर हलला की टोही (चाकांची पुढची टोकं किती आत-बाहेर वळलीत ते) हलतो, म्हणून टो शेवटी. उलट्या क्रमाने करणारे कारागीरही आहेत. बिल मात्र सगळ्याचं लावतात.

गाडी सरळ जाते पण स्टिअरिंग तिरकं, तर दोन्ही टाय रॉड, म्हणजे स्टिअरिंगपासून चाकांना वळवणारे दांडे, सारखे बसलेले नाहीत. गाडीच एका बाजूला ओढत असेल तर ती वेगळी तक्रार. आधी हवा बघा, मग पुढचे टायर डावे-उजवे बदलून बघा. ओढ बाजू बदलते? दोष टायरचा, अलाइनमेंटचे पैसे वाचले.

घरी दोरी लावून टो मोजता येतो, पण दुकानापर्यंत जाण्यापुरता. पुढच्या दोन चाकांमधलं अंतर पुढून आणि मागून मोजा. चौदा इंची रिमच्या टायरवर ३ मिलिमीटरचा फरक असेल, तर प्रत्येक चाक दर किलोमीटरला सुमारे अडीच मीटर आडवं घासतं. एक्सप्रेसवेच्या ९३ किलोमीटरांत, अमदाबाद येईपर्यंत, जवळजवळ पाव किलोमीटर! अशा टायरवर हात फिरवा: एका दिशेने गुळगुळीत, उलट्या दिशेने करवतीसारखा.

दुकानात आधीचे आणि नंतरचे, दोन्ही आकडे छापून मागा, मागच्या चाकांचेही. छोट्या गाड्यांना मागे बहुधा दोन्ही चाकांना जोडणारा अखंड बीम असतो, त्यात फिरवून जुळवण्यासारखं काही नसतं. तिथे लाल, म्हणजे मर्यादेबाहेरचा, आकडा आला तर पुढचे टाय रॉड कितीही फिरवून उपयोग नाही. बीम वाकलाय का ते आधी बघायला सांगा.