चेरोकीचा एसी, भाग ३: चढ लागला की हवा काचेवर

एसीची हवा मधूनच भलतीकडे वळते म्हणून मागच्या वेळी डॅशवरचं कंट्रोल पॅनल उघडायच्या बेतात होतो. बरं झालं, हात लावला नाही.

गाडी १९९५ ची जीप चेरोकी, ४.० लिटर, सहा सिलिंडर. न्यू जर्सीहून पोकोनोजच्या डोंगरांकडे जाताना चढाला पाय दाबला की तोंडावरची गार हवा गायब, सगळी समोरच्या काचेवर. सपाटी आली की पुन्हा जागेवर. या गाडीत हवेच्या झडपा व्हॅक्यूमवर, म्हणजे इंजिनने हवा ओढल्याने होणाऱ्या निर्वातावर फिरतात. व्हॅक्यूम गेलं की हवा आपोआप डिफ्रॉस्टकडे, म्हणजे समोरच्या काचेकडे वळते, म्हणजे निदान काच तरी स्वच्छ राहते. थ्रॉटल (इंजिनात हवा सोडणारी झडप) पूर्ण उघडलं की मॅनिफोल्डमधलं, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळकांड्यांतलं व्हॅक्यूम जवळपास शून्यावर येतं. तेवढा वेळ निभावून न्यायला बंपरमागे प्लॅस्टिकचा पोकळ गोळा, आणि त्यातलं व्हॅक्यूम इंजिनकडे पळू नये म्हणून चेक व्हॉल्व्ह, म्हणजे एकाच दिशेने हवा जाऊ देणारी झडप. चोर इथेच कुठेतरी.

शनिवार. आयडलला (गाडी उभी, इंजिन चालू) मॅनिफोल्डवर गेज १८ इंच (व्हॅक्यूम पाऱ्याच्या इंचांत मोजतात), उत्तम. चेक व्हॉल्व्ह फुंकून पाहिला: एकीकडून हवा जाते, उलटी नाही. गोळ्याला हातपंपाने २० इंच दिले. चहा होईपर्यंत काटा हलला नाही. उरली व्हॅक्यूमची नळी. पंक्चरवाल्याची साबणाची युक्ती इथे चालत नाही. हवा आत ओढली जाते, बुडबुडे येणार कुठून? गरम एक्झॉस्टशेजारी गळती शोधायला ज्वालाग्राही कार्ब क्लीनर फवारायची माझी छाती नाही. मग एका सुट्या रबरी नळीचं एक टोक कानाला, दुसरं फिरवत गेलो. बॅटरीच्या ट्रेखाली बारीक 'स्स्स'.

ट्रे काढला. नळी चिमटीत धरली तर तळलेल्या कुरडईसारखी कटकन मोडली. मूळ चीर मात्र जरा पुढे, ट्रेच्या बोल्टखाली चेपलेल्या जागी. हिवाळ्यात बॅटरी मीच बदलली होती, संध्याकाळी, घाईत. "उजेडात कर की उद्या," असं बायको म्हणालीही होती.

खराब तुकडा कापून मध्ये रबरी व्हॅक्यूम होज बसवला. टेप गुंडाळू नका, इंजिनच्या उष्णतेने त्याचा गोंद सुटतो.

रविवारी तोच चढ, हवा तोंडावरच. पण एक उरलंय. हातपंपावर पॅनल मोडला (हवा तोंडावर) काटा दोन मिनिटांत १५ वरून १२ वर येतो, डिफ्रॉस्टला जागचा हलत नाही. म्हणजे पॅनलच्या ॲक्चुएटरचा (व्हॅक्यूमवर झडप फिरवणाऱ्या डबीचा) पडदा किंवा त्याची नळी. डॅशखाली डोकं घालणं आलं. डॅश न उतरवता कुणी तो काढला असेल, तर हात नेमका कुठून घातला तेवढं सांगा.