अवतार आणि देहधारण

दरवर्षी नाताळाच्या दिवशी करंज्या-शंकरपाळ्यांचे ताट घेऊन मी शेजारी जाते, तेव्हा कोणीतरी आपुलकीने विचारतेच, “येशूचा जन्म म्हणजे देवाने घेतलेला अवतारच ना?” दारात उभ्या उभ्या मी “हो, तसेच काहीसे” म्हणते आणि अर्धेच उत्तर दिल्याची रुखरुख घेऊन परतते. तुम्हीही तेच विचारलेत म्हणून आज ते सावकाश लिहिते.

देव माणसासाठी खाली उतरतो, ही श्रद्धा हिंदू आणि ख्रिस्ती अशा दोन्हीकडे आहे आणि तिच्यामुळेच आमची कथा मराठी मनाला परकी वाटत नाही. इंग्लंडहून गोव्यात आलेले जेझुइट धर्मगुरू थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली छापले गेले, तेही ओवीत. तरीसुद्धा ख्रिस्ती मंडळी ‘देहधारण’ हा वेगळा शब्द जपून वापरते, त्याला कारण आहे.

गीतेत भगवंत ‘संभवामि युगे युगे’ असे आश्वासन देतात. बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानातले “शब्द देही झाला” (‘शब्द’ म्हणजे देवाचा पुत्र, ख्रिस्त) हे मात्र एकदाच घडलेले आहे. दुसरा शुभवर्तमानकार लूक तर रोमन सम्राट औगुस्त कैसराने फर्मावलेल्या नावनोंदणीचा आणि बेथलेहेम गावाचा उल्लेख करून त्या घटनेला काळ आणि ठिकाण देतो. उतारशाळेत जागा नव्हती, म्हणून मरीयेने बाळाला बाळंत्याने गुंडाळून गव्हाणीत ठेवले, असे तो लिहितो. त्यातला ‘बाळंते’ हा घरगुती शब्द मला फार मोलाचा वाटतो. ज्याच्या द्वारे सृष्टी निर्माण झाली असे आम्ही मानतो, त्याला स्वतःची मान सावरता येत नव्हती, भूक लागली तर रडण्यावाचून उपाय नव्हता, आणि हेरोद राजा जिवावर उठला तेव्हा योसेफ व मरीया यांनी त्याला रातोरात मिसर देशात नेले म्हणूनच तो वाचला. प्रेषित पौल म्हणतो, त्याने स्वतःला रिक्त केले.

चौथ्या शतकात अपोलिनारिस नावाच्या बिशपांनी शिकवले की ख्रिस्ताचे शरीर माणसाचे होते, पण त्यात मानवी मनाच्या जागी दैवी शब्दच होता. त्याच काळातले धर्मपंडित नाझियांझचे ग्रेगरी यांनी त्यावर उत्तर दिले की, जे त्याने धारण केले नाही ते बरे झालेले नाही. हे वाक्य मी तरुणपणी वाचले होते. कळले ते फार उशिरा. माझी आई शेवटच्या महिन्यांत तान्ह्या बाळासारखी परावलंबी झाली होती आणि त्याची तिला लाज वाटत असे. तिची दुपटी बदलताना एके रात्री मी तिला म्हणाले, “आई, प्रभूलाही हे सारे दुसऱ्याच्या हातूनच करून घ्यावे लागले होते.” तिने माझा हात धरून ठेवला. आमची भीती, आमचा थकवा, आमचे हे परावलंबन त्याने घेतले नसते, तर आमचे तेवढे आयुष्य त्याच्या तारणाबाहेर राहिले असते.

आणखी एक गोष्ट दारात कधीच सांगून होत नाही. अवतारकार्य संपले की अवतार निजधामाला जातो, असे पुराणे सांगतात. ख्रिस्ताने मात्र घेतलेला देह टाकून दिला नाही, अशी आमची श्रद्धा आहे. पुनरुत्थानानंतर त्याने आपला शिष्य थोमा याला आपले हात दाखवले तेव्हा त्यांवर खिळ्यांचे व्रण होते, आणि मरीयेने त्या रात्री बाळंत्यात गुंडाळले होते ते हेच हात.